आरतीची यादी

सकाळी साडेनऊला शेजारची सुधा डबा घेऊन घराबाहेर पडायची, तेव्हा भालचंद्रराव गॅलरीत उभे असायचे. आज बघायचं नाही असं रोज ठरवायचे आणि रोज बघायचे.

"अगं, छत्री!" तिचा नवरा मधुकर दारातून ओरडायचा.

"तुम्हीच घ्या. टक्कल तुमचं आहे, माझं नाही!" सुधा रस्त्यातूनच म्हणायची आणि कोलार रोडच्या बसला जायची.

सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. मधुकर हसत आत वळायचा, आणि भालचंद्ररावांच्या छातीत काहीतरी जळायचं. त्यांची बायको लीलावती वारली, त्याला आठ महिने झाले होते. शेवटची सहा वर्षं ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. मधुकरला मात्र बायको भररस्त्यात टकल्या म्हणत होती.

सुधा आणि लीलावती, दोघींचा आजार एकच होता. कानात आवाज यायचे, भीती वाटायची, झोप उडायची. फरक होता तो काळाचा. लीलावती आजारी पडली तेव्हा भालचंद्रराव तिला दूरच्या एका इस्पितळात घेऊन गेले होते. तिथे जाळीचं दार होतं आणि दारामागे बायका जमिनीवर बसलेल्या. चौथ्या दिवशी ते तिला परत घेऊन आले. पुढची एकोणीस वर्षं गोळ्या त्यांनीच आणल्या, त्यांनीच दिल्या. लोकांना सांगितलं, दमा आहे, गर्दी सोसत नाही. कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायचे. निवृत्तीनंतर एम. पी. नगरच्या कोचिंग क्लासमध्ये संध्याकाळी फॉर्म तपासायचं काम धरलं, तेव्हाही लावायचे.

तीन वर्षांपूर्वी नेहरू नगरच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा मनाच्या आजाराचे डॉक्टर बसू लागले. नर्स घरी येऊन चौकशी करू लागली. कोलार रोडला अशा आजारी माणसांसाठी सेंटर निघालं. तिथे ही माणसं दिवसभर एकत्र काम करत, जेवत, भांडत. मधुकर दुसऱ्याच आठवड्यात सुधाला घेऊन गेला. भालचंद्ररावांनी नर्सला दारातूनच सांगितलं, आमच्याकडे तसं कोणी नाही.

श्रावण संपत आला तसा मधुकर घरी आला.

"भालचंद्रराव, यंदा पाचव्या दिवसाची आरती आम्हाला द्या. सुधाची इच्छा आहे."

मराठी मंडळाच्या गणपतीत रोज संध्याकाळी एक जोडपं आरती करत असे. कोणत्या दिवशी कोण, ही यादी बावीस वर्षं भालचंद्ररावच करत होते. त्या यादीत त्यांचं स्वतःचं नाव कधीच नव्हतं. सगळे म्हणायचे, काय निःस्वार्थी माणूस आहे.

"यादी भरलीय," ते म्हणाले.

"अजून तुम्ही लावलीही नाहीत."

"मधुकर, शंभर माणसं असतात. मध्येच तिला काही झालं तर?"

मधुकरने त्यांच्याकडे बघितलं. "झालं तर झालं. मी बाजूला असेनच की," म्हणाला आणि चहा न घेता उठला.

दोन दिवसांनी मंडळाच्या निर्मलाताईंचा फोन आला. "भाऊ, यादी लावून टाका ना, लोक पूछताछ करून राहिलेत." भालचंद्ररावांनी त्याच दिवशी यादी लावली. पाचव्या दिवशी दुसऱ्याच जोडप्याचं नाव होतं. त्यांना बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्याचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी सुधा एकटीच आली. दारात चपला काढून सरळ खुर्चीवर बसली.

"भाऊजी, माझं नाव नाही."

"जागा नव्हती."

"जागा होती. तुम्हाला द्यायची नव्हती. मला वेडी म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणा, सेंटरला आम्ही एकमेकींना रोज म्हणतो."

"तसं नाही..."

"मग कसं? लीलावहिनींना नाही मिळालं, म्हणून मलाही नाही?"

भालचंद्रराव ताडकन उठले. "तिला दमा होता!"

"भाऊजी, मागच्या बोळात आमची न्हाणी आहे आणि तुमची खिडकी. तुम्ही संध्याकाळी कुलूप लावून क्लासला गेलात की आम्ही बोलायचो. दोन वर्षं बोललो."

त्यांनी मागच्या खोलीकडे बघितलं.

"ती बोलत नव्हती," ते म्हणाले.

"तुमच्याशी नव्हत्या बोलत. सेंटरचं सगळं विचारायच्या. तिथे काय करतात, बस कुठून मिळते. मी म्हटलं, भाऊजींना सांगते. त्यांनी हात जोडले. म्हणाल्या, नको, खिडकीपण बंद करतील."

सुधा निघून गेली. भालचंद्रराव मागच्या खोलीत जाऊन बसले. आजवर मधुकरचा हेवा वाटत होता, तो याच्यापुढे काहीच नव्हता. एकोणीस वर्षं भात कालवून भरवला, केस विंचरले, नखं कापली. आणि तिचे शब्द मिळाले शेजारणीला, खिडकीच्या गजांमधून. ते सुधावर चिडले, लीलावतीवर चिडले. चिडायला तिसरं कोणी उरलं नाही, तेव्हा उठले आणि मंडळात गेले. पाचव्या दिवशीच्या जोडप्याला सातव्या दिवशी हलवलं, आणि मोकळ्या जागी लिहिलं: सौ. सुधा व श्री. मधुकर.

मन मोठं झालं म्हणून लिहिलं नाही. खिडकी बंद करणारा माणूस अशी आपली ओळख लीलावती मागे ठेवून गेली होती, ती त्यांना सोसवत नव्हती.

पाचव्या दिवशी ते मागच्या रांगेत उभे राहिले. दुसऱ्या कडव्याला सुधा अडखळली. ती गायची थांबली, तबक कललं. भालचंद्ररावांच्या मनात आलं, पडू दे. मधुकरने तिच्या हाताखाली हात धरला. लोक गातच राहिले. थोड्या वेळाने तिचा आवाज पुन्हा त्यांच्यात मिसळला. भालचंद्ररावांना टाळी वाजवता आली नाही. ते मांडवाबाहेर येऊन उभे राहिले.

सुधा प्रसाद घेऊन मागोमाग आली. तिचा चेहरा घामाने भिजला होता.

"चुकले ना हो मी?"

"नाही," ते म्हणाले. मग त्यांना राहवलं नाही. "ती हसायची का? खिडकीत?"

"हसायच्या की. तुमच्यावरच. म्हणायच्या, यांच्या वरणात फोडणी कुठे असते ते एकदा मला दाखव."

भालचंद्ररावांनी मोदक हातातच धरला.

"आणखी? आणखी काय म्हणायची?"

"इथे उभ्या उभ्या नाही सांगणार. बुधवारी सेंटरला घरच्यांची बैठक असते. तिथे या."

"माझ्या घरचं कोण येतं तिथे? मी कोणाचा म्हणून येऊ?"

"लीलावहिनींच्या घरचे म्हणून या," सुधा म्हणाली. आतून मधुकर हाका मारत होता, तशी ती वळली आणि "आले हो, जीव घ्याल का?" म्हणत मांडवात गेली.

भालचंद्ररावांना पुन्हा जळलं. तरी त्यांनी मोजलं, बुधवारला अजून तीन दिवस होते.