पुलाखालची नदी

बाईंच्या वर्गात पुस्तकापेक्षा टाळीकडे जास्त लक्ष ठेवावं लागे. बाई इंग्रजीत प्रश्न विचारायच्या, टाळी वाजवायच्या, आणि टाळीसरशी अख्ख्या वर्गाने इंग्रजीत उत्तर द्यायचं. देशातली सगळ्यांत लांब नदी कोणती? टाळी. नदीचं नाव. मोठं युद्ध कधी संपलं? टाळी. साल. कोणी अडखळलं की पुन्हा टाळी.

वर्ग भरायचा वाचनालयाच्या मागच्या खोलीत, संध्याकाळी. समोर बसलेली मंडळी म्हणजे बाहेरच्या देशांतून इथे येऊन राहिलेली, दिवसभर राबून आलेली मोठी माणसं. कोणाच्या बाह्यांना पीठ लागलेलं, कोणाच्या अंगाला फिनेलचा वास. त्यांना इथलं नागरिक व्हायचं होतं. त्यासाठी एका अधिकाऱ्यासमोर बसून देशाच्या भूगोल-इतिहासावरच्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं द्यावी लागत. बाईंकडची माणसं पटापट पास होत, म्हणून बाईंचं नाव होतं. आता नाव झालं की माणूस आपल्या पद्धतीला हात लावू देत नाही, हे काय तुम्हा-आम्हाला ठाऊक नाही?

वर्गात एक शिवणकाम करणारी बाई होती. धुलाईच्या दुकानाच्या मागे बसून लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, हे तिचं काम. सगळे तिला ताई म्हणायचे. ताईची आई तिकडे, मायदेशी, एकटी राहत होती. शेजारीण जेवणखाण बघायची, पण ती शेजारीणही आता मुलाकडे कायमची निघाली होती. ताई नागरिक झाली की आईला इथे आणता येणार होतं. त्याआधी नाही. ताईने आईसाठी खिडकीजवळ पलंगसुद्धा लावून ठेवला होता.

एकदा नदीचा प्रश्न झाला, टाळी झाली, आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर ताईने हात वर केला.

"बाई, ही नदी आहे कुठे?"

"परीक्षेत 'कुठे' विचारत नाहीत हो," बाई म्हणाल्या. "नाव विचारतात. तुम्ही नाव लक्षात ठेवा."

"पण कशी दिसते ती?"

"ओली दिसते!" बाई म्हणाल्या, आणि वर्ग खो खो हसला. बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. दमलेली माणसं आहेत, उगाच फाटे फुटायला नकोत, एवढंच. ताईही हसली. पण त्यानंतर तिने वर्गात कधी काही विचारलं नाही, आणि बाईंच्या ते लक्षातही आलं नाही.

ताई परीक्षेला गेली आणि नापास झाली.

दुसऱ्या दिवशी ती वर्ग सुरू व्हायच्या आधीच येऊन बसली. बाईंनी तिचा चेहरा पाहिला आणि काय ते समजल्या.

"काय विचारलं त्यांनी?"

"साहेब चांगला होता, बाई. मी घाबरले होते ना, म्हणून म्हणाला, राहू दे तो कागद, आपण गप्पा मारू. म्हणाला, येताना बसने आलात ना, पुलावरून? मग पुलाखालची नदी कोणती?" ताई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मी म्हटलं, माहीत नाही. मग त्याने नकाशा पुढे केला, आपलं शहर दाखवा म्हणाला. मी बोट ठेवलं. बोट समुद्रात होतं, बाई."

बाईंनी खुर्ची ओढून तिच्याजवळ घेतली.

"मी त्या पुलावरून रोज कामाला जाते. तीच ती लांब नदी. रोज तिचं नाव घ्यायचे आणि रोज तिच्यावरून जायचे. मला कोणी सांगितलंच नाही."

आता पुढची तारीख मिळायला कित्येक महिने लागणार होते.

बाई घरी आल्या त्या फणकारतच. सासूबाई स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. सासूबाईंनीही उभा जन्म शाळेत शिकवण्यात घालवला होता, त्यामुळे गाऱ्हाणं ऐकायला माणूस हक्काचं होतं.

"हा काय प्रकार झाला, आई? ठरलेले प्रश्न सोडून गप्पा कसल्या मारतो? नियमच नाही तसा."

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, 'ओली दिसते'वर वर्ग हसल्याचंसुद्धा. मग म्हणाल्या, "तू या घरात आलीस तेव्हा मी तुझ्याकडून काय पाठ करून घेतलं होतं गं?"

"पाठ? काही नाही."

"सासऱ्यांच्या आजोबांचं नाव? घर कोणत्या साली बांधलं?"

"छे. तुम्ही मला आधी मोरीतला नळ दाखवलात. डावीकडे फिरवला की गळतो म्हणून."

"आणि?"

बाईंना हसू आलं. "आणि धाकट्या काकांशी आपलं बोलणं का नाही, ते सांगितलंत. म्हणालात, त्यांच्यासमोर जमिनीचा विषय काढू नकोस."

"झालं तर. नळ हा आपला भूगोल आणि काका हा इतिहास. ते कळलं म्हणून तू इथली झालीस. तू मात्र त्या माणसांना दारात उभं करून नुसती पाटी वाचायला लावतेस, आणि पाटी वाचता आली की म्हणतेस, या आत."

"पण त्यांना वेळ कुठे असतो, आई? पास झाले की सुटले बिचारे."

"कशातून सुटले? राहायचं तर त्यांना इथेच आहे ना? आणि ती विचारत होती की तुला. तिला तुझी नदी बघायची होती. आपल्या घराबद्दल पाहुण्याने आपणहून विचारावं आणि आपण त्याला गप्प बसवावं, हे कुठलं शिकवणं?"

बाईंच्या डोळ्यांपुढे तो हसणारा वर्ग आला, आणि हसणारी ताई आली. आपण काय करून बसलो! त्यांनी समोरच्या शेंगा सोलायला घेतल्या.

पुढच्या रविवारी सकाळी बाई वर्गाला पुलावर घेऊन गेल्या. वारा असा की नकाशा धरायला दोघं लागत. नदी कुठल्या डोंगरातून येते, कुठे जाते, पूर आला की कोणता भाग बुडतो, हे बाईंनी आदल्या दिवशी स्वतःच वाचून काढलं होतं, कारण खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं त्यांनाही ठाऊक नव्हतं. पुलाच्या कठड्यावर एक जुना दगड होता. पूल बांधताना दगावलेल्या मजुरांची नावं त्यावर होती. बेकरीत काम करणाऱ्या माणसाने ती मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला.

"बाई, ही इथली नावं नाहीत. आमच्याकडची आहेत."

"हो," बाई म्हणाल्या. त्या जन्मापासून या शहरात होत्या. तो दगड त्यांनी आज पहिल्यांदा वाचला होता.

मग माणसं बोलायला लागली. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण थांबत नव्हतं. आपल्या गावची नदी, तिथला पूल, तिथलं युद्ध. ताई मात्र कठड्याला टेकून खाली पाण्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या वेळी ताई पास झाली. नदीबद्दल इतकं बोलली की साहेबालाच तिला हसून थांबवावं लागलं. ती बिस्किटांचा पुडा घेऊन वर्गात आली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वर्ग सुटल्यावर बाईंनी तिचा हात धरला. "आता आईला कधी आणताय?"

"नाही आणता येणार, बाई." ताई खुर्च्या भिंतीला लावत होती, ती लावतच राहिली. "शेजारीण गेल्यावर तिचं खाण्यापिण्याचं काही राहिलं नाही. पडली, मग अंथरूण धरलं. आता डॉक्टर म्हणतात, इतका प्रवास झेपायचा नाही. मी फोन करते. ती विचारते, आपण कोण बोलताय? माझी आई मला 'आपण' म्हणते, बाई."

"माझं चुकलं हो, ताई," एवढंच त्या म्हणाल्या. "तुम्ही विचारलं होतंत, तेव्हाच नदी दाखवायला हवी होती."

ताईने त्यांना दोष दिला नाही. दिला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"पुढच्या महिन्यात नवे लोक येतील ना?" ती म्हणाली. "त्यांना पहिल्याच दिवशी न्या."

मित्रहो, आपल्या दारात आलेल्या माणसाकडून आपण सनावळ्या आणि नावं वदवून घेतो आणि समजतो, आपलं काम झालं. देश असा पाठ होत नाही. तो हात धरून दाखवावा लागतो, त्यातल्या गळक्या नळांसकट आणि भांडणांसकट, आणि विचारणारा विचारतो तेव्हाच दाखवावा लागतो. बाई आता प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या दिवशी पुलावर नेतात. ताईच्या घरी खिडकीजवळचा पलंग मात्र रिकामाच राहिला.