रांग मोडू नका

सगळी गल्ली तिला वहिनी म्हणायची. सत्ताधारी पक्षाचा प्रचार म्हणजे वहिनी, हे इतकं ठरलेलं होतं की निवडणूक लागली की लोकच चौकशी करायचे, यंदा अजून फिरायला लागला नाहीत? या वेळी कोणी विचारलं नाही. दारं उघडत होती, पाणी मिळत होतं, पत्रकही हातात घेतलं जात होतं. पण भांडायला कोणी तयार नव्हतं. महागाईवरून कोणी चार शब्द सुनावले असते तर तिला हायसं वाटलं असतं.

लोक गप्प का, ते तिलाही ठाऊक होतं. खर्च परवडत नाही म्हणून सरकारने गावच्या इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग बंद केला होता. तिच्या थोरल्या जावेची मुलगी मोठ्या शहराच्या वाटेवर टेम्पोतच बाळंत झाली. मूल वाचलं नाही. विभाग पुन्हा उघडावा म्हणून वहिनीने पक्षाच्या खासदाराकडे खेटे घातले. त्याने दर वेळी गोड बोलून वाटेला लावलं. तेव्हापासून जाऊबाई वरच्या मजल्यावर राहूनही तिच्याशी बोलत नव्हत्या.

मतदानाच्या दिवशी दुपारी शाळेबाहेरची रांग वाढतच चालली. पक्षाचा सेक्रेटरी रस्त्यापलीकडे वहिनी बसली होती त्या पक्षाच्या टेबलाशी आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, ही गर्दी आपली नाही. मशीन बिघडलंय, आज काही होणार नाही, असं तिने रांगेत जाऊन सांगायचं होतं.

"माझं कोण ऐकणार?" वहिनी म्हणाली.

"तुमचंच ऐकतील. आणि मिस्टरांना गोदामात नोकरीला कोणी चिकटवलं, तेवढं लक्षात ठेवा."

ती उठली. रस्ता ओलांडून रांगेकडे गेली. सेक्रेटरी मागेच होता. रांगेच्या मधेच जाऊबाई उभ्या होत्या, शेजारी त्यांची लेक. ती जमिनीकडे बघत होती.

"काय झालं वहिनी, आत काही घोटाळा आहे का?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

नुसतं हो म्हटलं असतं तरी पुरे होतं.

"मशीन चालू आहे," ती म्हणाली. "कोणी काहीही सांगितलं तरी रांग मोडू नका."

मग ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. सेक्रेटरी जवळून जाताना पुटपुटला, महागात पडेल. तिने मान वळवली नाही. आत तिने नेहमीचं चिन्ह सोडून दुसरं बटण दाबलं.

सरकार पडलं. खासदारही आपटला. गल्लीत फटाके वाजले तेव्हा वहिनी दार लावून बसली होती. त्याच आठवड्यात नवऱ्याला गोदामातून घरी पाठवलं. भरलेला डबा खाली ठेवत तो म्हणाला, "आधी सांगितलं असतंस तर डबा तरी नेला नसता." ती हसली, मग रडायला लागली.

नवा खासदार गावात आला त्या सकाळी जाऊबाई खाली आल्या. लेक बरोबर होती.

"त्याच्या दारात जाऊन बसायचंय," त्या म्हणाल्या. "विभाग उघडेपर्यंत. मला चारचौघांत बोलता येत नाही. येतेस?"

वहिनीने चपला घातल्या. खासदार उतरला होता तिथे त्या पोचल्या तेव्हा तो आत जेवत होता. थांबावं लागेल, असं कोणीतरी सांगितलं. तिघी बाकावर बसल्या, लेक मधे.