सामानाजवळ कोण बसणार?

आपल्याकडे चार माणसं कुठेही निघाली, तरी त्यातलं एक माणूस कुठेच पोचत नाही. ते सामानाजवळ बसतं. स्टेशनावर बाकीचे चहा प्यायला जातात, ते ट्रंकेवर हात ठेवून बसतं. घाटावर बाकीचे डुबक्या मारतात, ते कपडे आणि चपला राखतं. हे माणूस कोण, ते कधी चर्चेनं ठरत नाही. पण वाचकहो, आपापल्या घरापुरतं आठवून पाहा. नाव लगेच सापडेल, आणि बहुतेक ते बाईचं असेल.

इंदूरच्या जगदाळ्यांच्या घरात हे नाव वर्षानुवर्षं आनंदीबाईंचं होतं. लग्न होऊन आल्यापासून त्या कितीतरी वेळा मांडवला, म्हणजे मांडवगडला, जाऊन आल्या. रूपमतीचा महाल त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. ज्या खुरासाणी इमलीखाली सतरंजी पसरली जाई, ते झाड मात्र त्यांना फांदीन् फांदी पाठ होतं. महेश्वरला जाताना मानपूरला बस थांबली की पुरुष भजी खायला उतरत आणि आनंदीबाई बोचक्यांवर नजर ठेवत. हल्ली हे काम त्यांच्या सुनेकडे, सुहासिनीकडे आलं होतं. तिला दीड वर्षांची मुलगी होती. घरात तिला सगळे बेबी म्हणत. लहान लेकरू असलं की सामानाजवळ बसायला वेगळं कारण द्यावं लागत नाही.

आनंदीबाईंचे यजमान जयसिंगराव सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांचे वडील होळकरांच्या फरासखान्यात होते. महाराजांची स्वारी निघाली की डेरे-राहुट्यांचा बंदोबस्त त्यांच्याकडे असे. राज्य गेलं, मध्य भारत आला, मग मध्यप्रदेश झाला, पण जगदाळ्यांच्या घरातली सहल अजून स्वारीसारखीच निघे. पुढे कोण, मागे कोण, राखणीला कोण, हे जयसिंगराव एकटे ठरवत, आणि सगळ्यांच्या भल्याचा विचार करूनच ठरवत.

गोवा स्वतंत्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. तुकोगंजातल्या एका प्रवासी कंपनीनं त्या हिवाळ्यात बोटीची सहल काढली. मुंबईहून आगबोट निघणार, रत्नागिरी, मालवण आणि पणजी या बंदरांवर दिवसदिवस थांबणार, झोपायला पुन्हा बोटीवर. कुठल्या बंदरावर उतरून काय पाहायचं, ते मात्र प्रत्येकानं इंदुरातच सांगून जागा धरायची होती. किनाऱ्यावर नेणाऱ्या होड्या आणि पुढच्या मोटारी मोजक्याच होत्या. जगदाळ्यांच्या घरात कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता.

जयसिंगरावांनी नकाशा पलंगावर पसरला.

"रत्नागिरीला आम्ही आणि दिवाकर किल्ला पाहू," ते म्हणाले. मग आनंदीबाईंकडे वळून, "आपल्याला भगवतीचं देऊळ. ते किल्ल्यातच आहे, म्हणजे मोटार एकच. मालवणला सिंधुदुर्ग, पणजीला मंगेशी."

सुहासिनी चहा घेऊन आली होती. ती हळूच म्हणाली, "मामंजी, रत्नागिरीला सरूताई असते."

"हो तर. आम्ही विसरलो नाही. दिवाकर जाऊन भेटून येईल."

"तू बिलकुल फिकर करू नकोस," तिचा नवरा दिवाकर म्हणाला. तो पलासियाच्या एका बँकेत होता आणि स्वभावानं भला होता. "बेबीचा फोटो दाखवतो, पापड देतो, ख्यालीखुशाली विचारतो. और क्या?"

सरोजिनी म्हणजे सुहासिनीची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा सुहासिनीची वेणीफणी, आजारपण, शाळा, सगळं तिनंच केलं. सुहासिनीच्या लग्नानंतर दोघींची भेट नव्हती, आणि बेबीला तर सरोजिनीनं अजून पाहिलंही नव्हतं. तिला नववा महिना लागणार होता, त्यामुळे बंदरापर्यंत येणं तिला शक्य नव्हतं. बोट बहिणीच्या गावासमोर दिवसभर उभी राहणार होती आणि सुहासिनी त्या बोटीवर असणार होती.

तिनं एकदा धीर केला. भाकऱ्या थापताना म्हणाली, "आत्याबाई, मी बेबीला घेऊन उतरले तर?"

सासूला ती आत्याबाई म्हणे. आनंदीबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "होडीत? एवढुसं लेकरू घेऊन? आणि ट्रंका सगळ्या उघड्यावर टाकून? अगं, बसतंच कुणीतरी. सवय होते."

त्या हे मायेनंच बोलल्या. आपल्या वाट्याला जे आलं ते सुनेला देताना माणसाला कठोर व्हावं लागत नाही. वस्तू जुनी आहे, घरातलीच आहे, एवढं पुरतं.

जागा धरायच्या दिवशी सगळे तुकोगंजात गेले. कंपनीच्या कचेरीत कांताबाई नावाच्या बाई हे काम पाहत. त्या महूच्या. वडील फौजेत होते आणि त्यांची एक रीत होती: प्रत्येक लेकराला, मुलगा असो की मुलगी, समोर उभं करून तुला काय पाहिजे ते तुझ्या तोंडानं सांग, म्हणायचे. कांताबाईंना तीच सवय लागली होती.

जयसिंगरावांनी ठरलेलं सगळं सांगितलं. कांताबाईंनी ऐकून घेतलं.

"आणि ताईंची जागा कुठे धरू, जी?"

"त्या बोटीवरच राहतील."

"तब्येत ठीक नाही का?"

"तब्येत उत्तम आहे. सामान आहे ना."

"सामान केबिनमध्येच राहील. केबिनला कुलूप असतं."

"कुलूप कुणाचं?"

"कंपनीचं."

"म्हणजे दुसरी चावी कंपनीकडे," जयसिंगराव म्हणाले. कोर्टात मुद्दा मांडावा तसं.

"आबा, घरचं कुलूप नेऊ या ना," दिवाकर म्हणाला.

"आणि खिडकी?"

"खिडकीखाली समुद्र आहे, जी," कांताबाई म्हणाल्या. "तिकडून आजवर कुणी आलेलं नाही."

दिवाकरला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं. कांताबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची थोडी वळवली.

"ताई, तुम्हाला काय पाहायचंय?"

सुहासिनीच्या मांडीवरून बेबी टेबलावरच्या शिक्क्याकडे झेपावत होती. तिला आवरत सुहासिनी म्हणाली, "मला काही नको. मी बसेन सामानाजवळ. बसतंच कुणीतरी. सवय होते."

कचेरीत कुणाला यात काही वावगं वाटलं नाही. आनंदीबाई मात्र चपापल्या. शब्द त्यांचे होते. स्वरसुद्धा त्यांचाच होता, तोच शेवटी किंचित खाली उतरणारा. पंचविशीतल्या मुलीच्या तोंडातून त्यांना स्वतःचं म्हातारपण ऐकू आलं.

"कांताबाई," त्या म्हणाल्या, "तिला पुन्हा विचारा."

"आत्याबाई, राहू द्या ना..."

"पुन्हा विचारा. हे उत्तर हिचं नव्हतं, माझं होतं."

जयसिंगराव त्यांच्याकडे बघत राहिले. कांताबाईंनी पुन्हा विचारलं, अगदी त्याच शब्दांत.

सुहासिनीनं शिक्का बेबीच्या हाताबाहेर सरकवला. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "मला सरूताईला भेटायचंय. मी स्वतः भेटायचं, दुसऱ्या कुणी नाही. फोटो नको. बेबीच न्यायची आहे."

"अगं, मग सांगायचंस की," दिवाकर म्हणाला.

"सांगितलं होतं. तुम्ही पापड न्यायचं कबूल केलंत."

जयसिंगरावांनी घसा साफ केला. "आम्ही कुठे नाही म्हटलं? सूनबाईंनी इच्छा बोलून दाखवायला हवी होती. आपल्या घरात बायकांना कधी कशाची मनाई नाही."

"मनाई नाही, हे खरं," आनंदीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "आपण कधी रागावून बसवलं नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदा मांडवला गेलो, तेव्हा आपणच विचारलंत, येता का वर? मी नवी होते, लाजले, नको म्हटलं. त्यानंतर कुणी विचारलं नाही. माझ्या त्या एका 'नको'वर सगळ्यांनी आयुष्यभर सहली केल्या. चूक माझीही आहे. मी पुन्हा बोलले नाही, वर सुनेलाही तेच शिकवलं. पण मला सांगा, नको म्हणणारी ती सोळा वर्षांची पोर होती. पुढे मी चाळिशीची झाले, पन्नाशीची झाले. त्या बाईला विचारायला नको होतं?"

जयसिंगरावांनी कंपनीचं वेळापत्रक जवळ ओढलं. उत्तर सुचत नसलं की माणूस व्यवस्थेकडे वळतो.

"ते सगळं ठीक आहे. पण सामानाजवळ कुणीतरी हवंच."

"मग आपण बसा."

"आम्ही?"

"का बरं? आपले वडील फरासखान्यात होते. राखण करण्यात आपल्या घरी कधी कमीपणा मानला नाही."

कांताबाई दौतीत टाक बुडवून खाली बघत होत्या. दिवाकर छताकडे बघत होता. जयसिंगराव ताठ बसले आणि म्हणाले, "लिहा. रत्नागिरीला आम्ही बोटीवर."

कदाचित ते रागानं म्हणाले असतील. पण शब्द दिला की जगदाळे तो पाळत.

रत्नागिरीला बोट किनाऱ्यापासून दूर नांगरली. होड्या येऊन लागल्या. सुहासिनी बेबीला पोटाशी धरून शिडी उतरली. खालून दिवाकरनं हात दिला, वरून आनंदीबाईंनी पदर सावरून धरला. जयसिंगराव कठड्याशी उभे राहून सूचना करत होते. होड्या लहान लहान होत गेल्या. मग ते केबिनमध्ये येऊन सामानाजवळ बसले.

पहिला तास रुबाबात गेला. ट्रंका जिथे होत्या तिथेच होत्या. त्यांनी वळकट्यांच्या दोऱ्या पुन्हा बांधल्या. पेपर वाचून झाला, मग जाहिरातीही वाचून झाल्या. वरच्या मजल्यावर कुणीतरी हसत होतं; जाऊन बघावं असं वाटलं, पण बसतो म्हटलं होतं. गोल खिडकीतून किल्ल्याची तटबंदी दिसत होती, खाली माडांची दाटी, आणि एक पांढरी इमारत. ती इमारत कसली, हे विचारायला जवळ कुणी नव्हतं.

जेवणानंतर त्यांना झोप लागली नाही. त्यांच्या मनात एक साधी गोष्ट आली, की आता सगळे परत येतील, एकमेकांची वाक्यं पुरी करत बोलतील, आणि आपण मान डोलवू. आनंदीबाई अशीच मान डोलवत आल्या होत्या. जयसिंगरावांना ते आजवर समाधान वाटलं होतं.

आणि तसंच झालं. दिवाकर किल्ल्याबद्दल बोलत आला, आनंदीबाई देवळाबद्दल. ती पांढरी इमारत कसली, ते दोघांनाही सांगता आलं नाही, कारण जवळून ती त्यांना दिसलीच नव्हती. सुहासिनी शेवटच्या होडीनं आली. डोळे सुजलेले, चेहरा उजळलेला, आणि केस सकाळी होते तसे नव्हते. कुणीतरी तेल घालून, चापूनचोपून नवी वेणी घातली होती. बेबीच्या गालावर काजळाची तीट होती.

ती नेहमीप्रमाणे सोबत आणलेल्या स्टोव्हकडे वळली, तेव्हा जयसिंगराव म्हणाले, "सूनबाई, राहू द्या चहा. बसा. बहीण कशा आहेत?"

"बऱ्या आहेत, मामंजी."

त्यांनी पेपर बाजूला ठेवला. मग पुन्हा विचारलं, "कशा आहेत?"

सुहासिनी ट्रंकेवर टेकली आणि बोलू लागली. बहिणीचं घर, अंगणातलं बकुळीचं झाड, पाय सुजलेत म्हणून ती पाटावर बसूनच सगळं कसं करते, बेबी आधी रडली आणि मग तिच्याच मांडीवर कशी झोपली, हे सगळं तिनं सांगितलं. सून इतकं बोलते, हे जयसिंगरावांना त्या दिवशी प्रथम कळलं. मध्येच त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आमचं चुकलं," ते म्हणाले. "तुम्हाला बोटीवर ठेवलं असतं, तर आम्ही संध्याकाळी तुम्हाला किल्ल्याचं वर्णन ऐकवलं असतं. आणि वर वाटलं असतं, की तुम्हाला आनंद झाला."

दुसऱ्या दिवशी मालवण आलं. समोर पाण्यात सिंधुदुर्ग उभा होता आणि सगळ्यांच्या जागा होडीत धरलेल्या होत्या, आनंदीबाईंचीही. जयसिंगरावांनी केबिनला घरचं कुलूप लावलं आणि मग एकेकाला विचारलं, खरंच जायचंय ना? दिवाकर हो म्हणाला, सुहासिनी हो म्हणाली.

"आणि आपण?"

"चला की," आनंदीबाई म्हणाल्या. "सगळे जातात, तर आलंच पाहिजे."

जयसिंगराव हलले नाहीत. "हे उत्तर आपलं, की आमचं?"

आनंदीबाईंनी पाण्याकडे पाहिलं. 

"खरं सांगू? मला कुठेच जायचं नाही," त्या म्हणाल्या. "कालच्या चढणीनं पाय भरून आलेत. मला वर खुर्ची टाकून बसायचंय. चहा प्यायचाय आणि हे एवढं पाणी बघायचंय. संध्याकाळपर्यंत कुणी काही मागू नका. चावीसुद्धा आपल्याकडेच ठेवा."

"जशी आपली मर्जी," जयसिंगराव म्हणाले, आणि चावी खिशात टाकून शिडी उतरले.

वाचकहो, आनंदीबाई त्या दिवशीही बोटीवरच राहिल्या. लांबून पाहणाऱ्याला काहीच बदललेलं दिसलं नसतं. पण ज्याला बसवलेलं असतं आणि जो स्वतः बसलेला असतो, त्यांची दुपार एक नसते. घरातल्या माणसांसाठी बेत आखताना आपण त्यांच्या सुखाचा विचार करतो, आणि म्हणून त्यांना विचारायचं राहून जातं. ते विचारा. "मला काही नको" असं उत्तर आलं, तर तिथे थांबू नका. पहिलं उत्तर पुष्कळदा सवय देते. माणूस बोलतं ते दुसऱ्या खेपेला.

मालवणच्या होडीत त्या दिवशी एक जागा रिकामी गेली. ती वाया गेली, असं जगदाळ्यांच्या घरात कुणालाही वाटलं नाही.