फर्मान वाचून होईपर्यंत

"अरे, कागदावर जे लिहिलंय ते वाच! तू भलतंच काय बोलतोयस?"

सुधीरकाका ओरडले तेव्हा गौतमच्या डोळ्यासमोर फक्त गोंडा होता – लाल रुमी टोपीचा काळा गोंडा, त्यातला एक दोरा तुटून लोंबणारा. टोपी मोठी होती. मान हलली की गोंडा डोळ्यावर यायचा, आणि सुलतान झालेले सुधीरकाका, त्यांची खुर्ची, नारायणगुड्यातला मराठी मंडळाचा तालमीचा हॉल, सगळ्याच्या चिंध्या व्हायच्या.

"वाचूलालो की."

"वाचतो आहे, म्हण. आणि वाचत नाहीयेस तू. हे जुनं फर्मान झालं. मी ते काल बदललं. तुझ्या हातात नवा कागद आहे."

नवा कागद. हाताच्या घामानं त्याची कड मऊ झालेली...

नाटक काकांनीच लिहिलेलं. तुर्कांच्या सुलतानाच्या घरात गादी बापाकडून पोराकडं जात नाही, घरात जो थोरला त्याच्याकडं जाते – म्हणून सुलतानाचा पुतण्या हा वलीअहद, पुढचा वारस, आणि म्हणूनच तो बागेतल्या बंगल्यात कोंडलेला, दारावर पहारा. आधी असल्या वारसांचा रेशमी दोरीनं गळा आवळायचे. मग सुधारणा झाली – मारायचं नाही, नुसतं कोंडायचं. चुलता मोठा सुधारक, शाळा काढतो, कायदे करतो, तारायंत्राच्या तारा टाकतो... आणि शेवटची सुधारणा म्हणून ती रीतच मोडतो. यापुढं गादी माझ्या पोराला. आणि ते फर्मान भर दरबारात वाचायचं कुणी? तर पुतण्यानंच.

सुलतान सुधीरकाका. सुलतानाचं पोरगं पुष्कर, काकांचंच पोरगं. हे दुसऱ्या कुणाला दिसतच नव्हतं का?

पहिल्या दिवशी वारसाचं काम पुष्करलाच दिलं होतं. तो 'वल्ली अहद' म्हणाला आणि सगळे हसले, हा कोण वल्ली आलाय म्हणून. तेव्हा गौतम मागून बोलला, "वलीऽअहद. आमचे उस्ताद मला रोजच म्हणतात." नामपल्लीला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातले उस्ताद – गौतमला उशीर झाला की दारातच, आओ वलीअहद साब, तख्त खाली पड़ा है! काकांनी तिथल्या तिथं काम त्याला दिलं. तुला वाचता येतं का, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

येतं. शाळेत हिंदीच्या तासाला आलं तेवढं, सुटं सुटं. नववीत सरांनी वर्गासमोर उभं करून वाचायला लावलं, पोरं हसली, आणि गौतमनं डस्टर फेकून मारलं – लागलं फळ्याला, पण शाळा सुटली ती सुटलीच. नाटक आईनं फोनमध्ये वाचून रेकॉर्ड करून दिलं, स्वयंपाक करता करता. तीन महिने आईचा आवाज कानात. सगळी पानं पाठ. "काय पॉज घेतोस रे!" काका म्हणायचे. पॉज कसला... तिथं कुकरची शिट्टी होती.

"बाबा, मी वाचू का?" पुष्कर म्हणाला. साधंच म्हणाला. हीच तर बोंब होती – पुष्कर वाईट नाही, काका वाईट नाहीत, वाईट असते तर काहीतरी फेकून मारता आलं असतं.

काका जवळ आले. "गौतम, बाळा, वाचता येत नाही का तुला?" हळूच विचारलं, पण हॉलच तसला, हळू बोललेलं भिंतीपर्यंत जातं. "अरे, लाजायचं काय त्यात? तू भालदार हो. दारावर उभं राहायचं, एक वाक्य नाही. वारस पुष्कर करेल. शेवटी नाटकाचं भलं बघायला हवं ना?"

नाटकाचं भलं. राज्याचं भलं... असं असतं होय हे. तीन महिने गौतमला कळलं नव्हतं, त्या शहजाद्याला एवढा राग नेमका कशाचा येतो. शाळा चांगल्या, कायदे चांगले, चुलतासुद्धा चांगला, आणि एवढ्या चांगल्यात आपल्यालाच तेवढी जागा नाही. आता मारत नाहीत. सुधारणा झालीय. भालदार करतात.

टोपी काढून द्यायला हात वर गेला आणि गोंड्यातच अडकला.

"वाचतो," तो म्हणाला. "वाचतो आहे."

"हे... फ... फर्..." 'मा'च्या डोक्यावरचा तो आकडा आधी म्हणायचा का नंतर? "फर्मान... वाचून... सं-प-ताच... अ-म-लात... येईल."

कुणीतरी खोकलं. पुष्करचे ओठ पुढचे शब्द आधीच म्हणून मोकळे होत होते.

संपताच. म्हणजे संपेपर्यंत नाही. संपेपर्यंत मीच आहे – मी, वलीअहद. एवढी वर्षं कोंडून घातलेल्या त्या माणसानं हा कागद काय घडाघडा वाचला असेल? छट्! एकेक अक्षर चावून वाचलं असेल, असंच, माझ्यासारखं. चुलता उभा, चुलतभाऊ उभा, अख्खा दरबार खोळंबलेला. वर्गातली पोरं हसली होती. इथं हसत का नाही कुणी?

"आमच्या... घ-राण्याची... ज्ये... ज्येष्..."

"गौतम, पुरे आता."

"थांबा ना. सुलतानानं मधे बोलायचं नाही, तुम्हीच लिहिलंय."

काका थांबले. खरंच थांबले.

"ज्येष्ठत्वाची... रीत... आ-ज-पासून..."

एकच शब्द उरला. आणि तोच नेमका त्याला नजर पडल्यापडल्या वाचता आला, सिकंदराबाद स्टेशनवर गाड्यांच्या पाटीवर शंभरदा पाहिलेला – रद्द. तोंडात आला, दातांपर्यंत आला. उद्या पुष्कर तो म्हणेल, खणखणीत म्हणेल, हे त्याला माहीत होतं. कडू थुंकीसारखा त्यानं तो आतच ठेवला, कागदाची घडी केली, दोन घड्या, चार, आणि खिशात घातली.

"पुढे?" काका म्हणाले.

गोंडा डोळ्यावर आला होता. त्यानं तो सारला नाही.

"एक वाजला, काका. दुकान हाय. मी जाऊलालो."