टेकाडातली खिंड

कुप्पुराजने मर्यादवेलीचे पान तोडले, तळहातावर चुरडले आणि पोरांच्या नाकांपुढून फिरवले.

"जेलीफिश लागला की हेच चोळायचं. दवाखाना लांब, वेल जवळ."

"ताता, तुम्हाला किती वेळा लागला?" पोन्नीने विचारले. गावची पोरे त्याला ताता, म्हणजे आजोबा, म्हणत.

"मोजत बसलो असतो तर मासे काय तुझ्या आज्याने एकट्याने धरले असते?"

पोरे खिदळली. चौथीची अठरा पोरे, आणि त्यांच्यामागे चपला हातात घेऊन चालणारी शिवगामी टीचर. ती भातशेतीच्या मुलखातली, वर्षापूर्वी बदलून आलेली. समुद्रातले आपल्याला काही कळत नाही, हे ती लपवत नसे. म्हणून तर वाळूच्या टेकाडाच्या धड्यासाठी तिने गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या मच्छीमाराला गाठले. कुप्पुराजने दोनदा नाही म्हटले. तिसऱ्यांदा ती ओट्यावर ठाण मांडून बसली, तेव्हा त्याचा नाइलाज झाला. तो नाही का म्हणतो, हे तिने गावात विचारले असते तरी कोणी सांगितले नसते.

कारण तर समोरच होते. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूचे टेकाड आडवे पडले आहे आणि त्याच्या मधोमध टेम्पो जाईल एवढी खिंड आहे. बर्फाची गाडी किनाऱ्यापर्यंत यावी म्हणून ती कापली, तेव्हा पंचायतीचा मुखिया कुप्पुराज होता. दोन वर्षांनी, डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी, सुनामी आली. टेकाडाने लाट अडवली, खिंडीने ती आत घेतली. खिंडीसमोरच्या गल्लीतली एकतीस माणसे गेली. त्यांत कुप्पुराजची बायको अंजलै होती आणि पोन्नीचा आजाही होता. याला आता दहा वर्षे झाली. या पोरांपैकी एकही तेव्हा जन्मलेले नव्हते. कुप्पुराज अजूनही किनाऱ्यावर खिंडीतून जात नाही, टेकाड चढून जातो. आजचा धडा खिंडीपर्यंत पोचू नये, एवढेच त्याला हवे होते.

म्हणून तो रमतगमत चालला होता. त्याने रावणाच्या मिशा दाखवल्या. त्या गवताचे काटेरी गोळे वाऱ्यावर गडगडत सुटले आणि पोरे त्यांच्यामागे बोंबलत धावली. मग त्याने खेकड्याचे बीळ दाखवले.

"बघ मुत्तू, उपसलेली वाळू कशी लांब फेकलीय. तुझ्यापेक्षा बरा. घर साफ ठेवतो."

"हा तर अंथरुणसुद्धा घालत नाही," मागून कोणीतरी म्हणाले.

"अय्या, एवढी वाळू वाऱ्याने उडून कशी जात नाही?" टीचरने त्याला आदराने अय्या म्हणत विचारले.

"गवत धरून ठेवतं. वाळू चढली की गवत वर येतं, गवत वर आलं की आणखी वाळू थांबते. एकमेकांच्या जिवावर जगतात, अम्मा."

तिने ते वहीत टिपून घेतले. मग हात वर करून पोरांना हाक मारली, "चला, आता खिंडीपाशी. टेकाड आतून कसं असतं ते तिथं दिसतं."

"ऊन चढलंय. पोरांना घरी सोडा."

"दहाच मिनिटं, अय्या."

पोरे कधीच पुढे पळाली होती. खिंडीची कड अजून उभी होती. वाळूचे थर आणि लोंबणारी वाळकी मुळे तिच्यात स्पष्ट दिसत होती. टीचरने पुस्तकातला प्रश्न वाचला.

"टेकाड कशामुळे मोडतं? बघा आणि सांगा."

"बकऱ्यांमुळे!"

"वादळामुळे!"

"समुद्रामुळे!"

"समुद्र एवढं सरळ कापत नाही," टीचर म्हणाली. "ही माणसांनी कापलेली आहे. कोणी कापली असेल?"

सगळ्यांच्या माना वह्यांत गेल्या. एकानेही कुप्पुराजकडे बघितले नाही, आणि त्यावरूनच त्याला कळले की पोरांना सगळे ठाऊक आहे.

"गावानं कापली," पोन्नी म्हणाली.

"गावानं म्हणजे?"

"सगळ्यांनी. सगळ्या घरांनी हो म्हटलं होतं. आमच्या घरानंसुद्धा."

या गावात पंचायतीत ठरले की ते गावाचे होते. आत कोण काय बोलले, हे बाहेर निघत नाही.

"तातांना विचारायचं नाही म्हणून घरी सांगितलंय," मुत्तू बोलून गेला आणि शेजारच्याने त्याला कोपर मारले.

टीचरने कुप्पुराजकडे पाहिले आणि घाईघाईने पान उलटले.

"पोरांनो, पुढचा प्रश्न."

"थांबा, अम्मा." कुप्पुराज वाळूत खाली बसला. कोणी तरी तोंडावर शिव्या घालील म्हणून त्याने दहा वर्षे वाट पाहिली होती. एवढ्या बायका रांडावल्या, पण एकीनेही त्याच्या दारात येऊन बोटे मोडली नव्हती. "गावानं नाही. मी. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन हे टेकाड चढायच्या. माझ्या अंजलैची मान धरायची, रात्र रात्र कण्हायची. गाडी इथवर आली तर सुटेल बिचारी, म्हणून मी दारोदार फिरलो. पोन्नी, तुझा आजा नको म्हणत होता. वाळूला हात लावू नका म्हणाला. मी त्याला चारचौघांत भित्रा म्हटलं. मग तो गप्प बसला, आणि त्याच्यामागे सगळे." त्याने टीचरकडे वळून पाहिले. "लिहू द्या त्यांना."

टीचरने पुस्तक मिटले नाही.

पोन्नीने वही गुडघ्यावर घेतली. टेकाड कशामुळे मोडते, याच्या उत्तरात बकऱ्या, वादळ असे लिहिले होते, त्याखाली पेन्सिल टेकवली आणि ती अडली.

"ताता, मोठ्यांचं नुसतं नाव, पुढं ताता न लावता, लिहायचं नसतं."

"नुसतंच लिही."

तिने कुप्पुराज असे लिहिले. मग त्याखाली तिने आपल्या आज्याचे नाव लिहिले, तेही नुसतेच.