कमूचं हसू

माझ्या नवऱ्याला गाजलेले सिनेमे चालत नाहीत. लोकांनी डोक्यावर घेतलेला विनोदी सिनेमा लावा, रोहिदास जांभया देणार. पण जो आठवड्यात पडला, ज्यातल्या नटांची नावंही कुणाला आठवत नाहीत, त्याच्या रिळाच्या गंजक्या डब्यासाठी हा माणूस जव्हारहून एसटीनं पार मिरजेला जाईल. असेच आणखी चार वेडे राज्यात आहेत. फोनवर एकमेकांना रिळांची खुशाली विचारतात. आमच्या दोन खोल्यांपैकी एक डब्यांची. हौसेला मोल नसतं म्हणतात. जागा लागते, हे कुणी सांगत नाही.

बाकीच्यांना दुसऱ्याकडे नाही ते आपल्याकडे असल्याचं सुख. रोहिदासचं तसं नव्हतं. लहानपणी मोखाड्याच्या जत्रेत त्यानं तंबूतला सिनेमा पाहिला. पोरं पुढे, बाया दोरीपलीकडे. मध्येच त्यानं मान वळवली, तर त्याची आई, कमू, खदखदून हसत होती. सासूबाईंना हसताना मी कधीच पाहिलं नाही. त्यानंही तेवढंच एकदा. सिनेमाचं नाव आठवेना, फक्त बुडाला खुर्ची चिकटलेला सावकार आठवे. सासूबाई गेल्यावर त्यानं तो सिनेमा शोधायचा ध्यासच घेतला. आई कशानं हसली, एवढंच त्याला बघायचं होतं.

यंदा दिवाळीत रीळ मिळालं. जत्रेतल्या तंबूत आईशेजारी बसलेल्या फागीमावशीला त्यानं वांगणीहून मुद्दाम आणलं. भिंतीवर चादर लावली, मशीन घरघरलं. सावकार आला, बसला, खुर्चीसकट गावभर पळाला. मला हसू आलं नाही. रोहिदास तर श्वास रोखून बसला होता.

"मावशी, इथंच हसली ना आई? काय आवडलं तिला यातलं?"

"तिला काय ठावं?" फागीमावशी म्हणाली. "सिनेमातलं शहरी बोलणं तवा आमाला कळत नव्हतं. कमू पडद्याकडं बघतच नव्हती. तू हसून हसून मातीत लोळत व्हतास. तुला बघून हसत व्हती ती."

रीळ संपून नुसतंच फिरत राहिलं. मी उठून मशीन बंद केलं. इतकी वर्षं या डब्यांवर चिडत आले, पण त्या घटकेला मला त्याची फार दया आली.

फागीमावशी त्याच्याकडे बघतच होती.

"आज कमू असती, तरी हसली नसती," ती म्हणाली. "तू कुठं हसलास?"