काकांच्या ओसरीतलं जू

मी जू बोलतोय. बैलांच्या मानेवर आडवं ठेवतात ते लाकूड. मला दोन माना लागतात; एकट्या बैलाला माझा काही उपयोग नाही.

दोन शेतांमधल्या बांधावर एक जुनं झाड होतं. ते वठलं तेव्हा काकांनी त्यातून मला तासून काढलं. काका म्हणजे बांधापलीकडचे, एकटे राहणारे. बांधाअलीकडे नवरा, बायको आणि लेक. दोन्ही घरांत एकेकच बैल, म्हणून सावड होती. दोघांचे बैल एकत्र जुंपायचे, आज याचं रान नांगरायचं, उद्या त्याचं. कामाच्या दिवसांत मी अलीकडच्या गोठ्यात असे. काम संपलं की काका मला खांद्यावर टाकून नेत आणि आपल्या ओसरीतल्या खुंटीला टांगत. असं कुणी ठरवलं ते मला माहीत नाही, पण ते कधी मोडलं नव्हतं.

काकांचा बैल कायम डावीकडे, यांचा उजवीकडे. सकाळी काका बैल घेऊन दारात येत.

"सूनबाई, चहा झाला का?"

"झाला, पण साखर संपलीय काका."

"मग दोन शब्द गोड बोल, भागेल."

साखर बहुतेक दिवस संपलेलीच असे. पेरणी उरकली की नवरा दूर वीटभट्टीवर जाई. लेकीनं काही मागायला तोंड उघडलं की मागणं पुरं व्हायच्या आतच बायको 'नाही' म्हणे.

मग गावात एक संस्था आली आणि काही घरांतल्या बायकांच्या खात्यावर थेट पैसे जमा करू लागली. कशावर खर्च करायचे ते त्यांनी स्वतःच ठरवायचं. पहिल्या हप्त्यात कोठी भरली, लेक पुन्हा शाळेत जाऊ लागली. त्या वर्षी नवरा भट्टीवर गेला नाही. बायको आता 'नाही'ऐवजी 'बघू' म्हणायला शिकली. तो शब्द ती इतका जपून उच्चारी की मला गोठ्यातही तो वेगळा ऐकू येई.

काका मात्र संस्थेच्या यादीत बसले नाहीत. "माझ्या घरावर पत्रा आहे ना, मी श्रीमंत!" ते हसून म्हणाले. बायको हसली नाही.

दुसऱ्या हप्त्यात नवऱ्यानं बैल आणला. "म्हाताऱ्या माणसाला किती वर्षं पहाटे उठवायचं? आता सुटले बिचारे," तो म्हणाला. खोटं नाही सांगत, त्याला मनापासून तसंच वाटत होतं.

काका स्वतः मला घेऊन आले. दारातच उतरवून ठेवलं.

"राहू दे आता तुमच्याकडेच. एका बैलाला जू घेऊन काय करू?"

"काका, तुमचं रान आम्ही नांगरून देऊ की," बायको म्हणाली.

"सावडीत उपकार नसतात, सूनबाई. आता होतील."

चहा न घेताच ते गेले. डब्यात त्या दिवशी साखर होती. बसून खाणारा बैल त्यांना परवडेना, म्हणून थोड्याच दिवसांत त्यांनी तो विकला.

इकडे माझे हाल सुरू झाले. नव्या बैलाला डावीकडे जुंपलं की तो उजवीकडे रेटायचा. मानेजवळच्या माझ्या खुंट्या करकरायच्या. नवऱ्यानं बाजारात दात पाहिले, खूर पाहिले; बैल कोणत्या बाजूला चालतो ते विचारलंच नव्हतं. जन्मभर डावी बाजू काकांची. तिच्यासाठी काही विचारावं लागतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

बायको बांध ओलांडून गेली. जाताना मलाही घेऊन गेली.

"काका, यांनी बैल चुकीचा आणलाय. दोघंही उजवीकडचेच."

काका खोकला येईपर्यंत हसले. "दात मोजले आणि बाजू नाही विचारली?"

"तुम्हीच शिकवा आता त्याला. पण आमच्या रानात नको, नांगराची तासं वाकडी पडतील. तुमचं पडीकच आहे, तिथं वाकडं गेलं तरी चालेल."

"माझ्या रानाची एवढीच किंमत?" ते म्हणाले, आणि चपला शोधू लागले.

बैल आठवड्याभरात शिकला. माझ्याखालची मान केव्हा सैल पडली ते मला कळलं होतं. तरी बायको रोज सांगे, "अजून ओढतो हो उजवीकडे." काका बैलाच्या मानेवरून हात फिरवत आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणत, "ओढतो खरा. अजून लागतील काही दिवस." काकांचं सगळं रान नांगरून झालं, पेरूनही झालं.

"एवढी साखर?" चहाचा घोट घेत ते विचारत. "बैल विकलास की काय?"

पीक कापणीला यायच्या आत काका गेले. एका सकाळी चहाला आले नाहीत, एवढंच. त्यांचा पुतण्या आला, शेत दुसऱ्याला कसायला दिलं, दाराला कुलूप लावून निघून गेला.

हंगाम संपला. नवरा मला गोठ्यात टांगू लागला.

"तिथं नको," बायको म्हणाली.

"अगं, पलीकडे आता कोण आहे?"

तिनं मला खांद्यावर घेतलं, बांध ओलांडला आणि ओसरीतल्या खुंटीला टांगलं. थोडा वेळ उभी राहिली. मग ओसरी झाडून गेली.

तेव्हापासून मी इथं आहे. पुन्हा कामं निघेपर्यंत असाच असेन. मागे बंद दार, समोर दुसऱ्यानं कसलेलं रान. संध्याकाळी बांधापलीकडून लेकीचा आवाज येतो, भांडी वाजतात. इथं मात्र बोलायला कुणी नसतं. पूर्वी काका येताजाता माझ्यावर हात ठेवत, काम नसलं तरी.

या बांधावरून कधी गेलात तर ओसरीत जरा डोकवा. जू टाकून दिलंय असं समजून मला चुलीत घालायला नेऊ नका. टाकलेलं नाही. मी माझ्या जागेवर आहे.